घरच्या शेडमधली मिलिंग मशीन सिंगल फेजवर: व्हीएफडी लावल्याचा अनुभव, शंका आणि उत्तरं

शेडमधला_फिटर (लातूर जिल्हा)

राम राम मंडळी. मशीन सव्वा महिना चालतेय, म्हणून आता धागा काढतोय. काम अर्धवट असताना लिहिलं असतं तर माझ्या दोन चुका वाचणाऱ्यांनीही केल्या असत्या.

वाळूजला टूलरूममध्ये बरीच वर्षं काढून आता गावी आलोय. घराशेजारी पत्र्याची शेड आहे. चिकलठाण्यात एका बंद झालेल्या वर्कशॉपचं सामान निघालं होतं, तिथून एम१टीआर मॉडेलची जुनी मिलिंग मशीन घेतली. मळणीयंत्राच्या शाफ्टला की-वे (चावीची खाच), पेरणीयंत्राचे ब्रॅकेट, कपलिंग, कधी एखादी पुली, अशी कामं असतात. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की शाफ्ट तुटायला लागतात आणि गाववाल्यांना लातूरला जाऊन दिवस मोडायला वेळ नसतो.

मोटर थ्री फेज २ एचपी. घराला गावठाण फीडरची सिंगल फेज. शेतात थ्री फेज येते, पण पाळीनं, आणि ती शेतीपंपासाठीच आहे. ती शेडकडे ओढायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. मग उरलं काय? एक तर सिंगल फेज मोटर बसवणं. लेथवर ती चालूनही जाते, पण सिंगल फेज मोटरचा जोर सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो आणि मिलिंगच्या फिनिशमध्ये तो उमटतो. दुसरा मार्ग म्हणजे कॅपॅसिटर लावून थ्री फेज मोटर दोन तारांवर पळवणं. पाण्याच्या मोटरी आपल्याकडे अशा चालवतात आणि जाळतातही. तिसरा मार्ग व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह: आत २३० व्होल्ट सिंगल फेज, बाहेर २३० व्होल्ट थ्री फेज, आणि फ्रिक्वेन्सी आपल्या हातात.

खरं तर मला ड्राइव्ह फेजसाठी हवा होता, वेगासाठी नाही. वेगाचा फायदा बसवल्यावर कळला. माझ्या मशीनला ५० हर्ट्झवर बॅकगिअर (वेग उतरवणारे गिअर) टाकून ६७, ११२, १७५ आणि २७० आरपीएम मिळतात. बॅकगिअर काढून थेट बेल्टवर ५५०, ९३०, १४६० आणि २२७०. २७० आणि ५५० च्या मधे काहीच नाही! आणि माझं निम्मं काम नेमकं त्या मधल्या जागेत. ८० मिलिमीटरचा कार्बाइड टिपांचा फेसमिल (पृष्ठभाग सपाट करायचा रुंद कटर) माइल्ड स्टीलवर मिनिटाला १०० मीटरनं चालवायचा तर ४०० आरपीएम लागतात. ड्राइव्ह नसता तर ५५० वर टिपा जाळायच्या नाहीतर २७० वर दिवस घालवायचा.

सगळं नीट जोडून झाल्यावर पहिल्या दिवशी एक जाड पट्टी फेस करायला लावली. ५५० च्या बेल्टवर, ५० हर्ट्झला, मशीन कडकड करायला लागली आणि जॉबवर माशाच्या खवल्यांसारख्या खुणा उठल्या. फीड चालू ठेवून पॉट (ड्राइव्हची वेगाची घुंडी) हळूहळू मागे घेत गेलो. ४५, ४२, ४०. सदतीसच्या आसपास तो आवाज एकदम मिटला. कटर तोच, खोली तीच. तिथून पुढची पट्टी अशी आली की वरून नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. टेबलावर हात ठेवला तर थरथर नाही. तेवढ्यासाठी तरी हा खटाटोप केला याचं समाधान आहे.

नवशिक्या_बीड

काका, छान माहिती. माझी पण अशीच मशीन आहे, छोटी. एक विचारायचं होतं. ड्राइव्हवर ० ते ४०० हर्ट्झ लिहिलंय. मग बेल्ट बदलायची कटकटच नको ना? एका पुलीवर कायमचा बेल्ट लावून सगळं बटणावर करता येईल का? बॅकगिअरचा लिव्हर पण घट्ट झालाय, तो तसाच सोडावा म्हणतो.

शेडमधला_फिटर

नको. मी धागा काढला तो मुख्यतः हे सांगायलाच.

ड्राइव्ह वेग कमी करतो, त्याच्या बदल्यात ताकद वाढवून देत नाही. बेल्ट मोटरच्या लहान पुलीवर घेतला किंवा बॅकगिअर टाकला की वेग जेवढा उतरतो तेवढा पिळ (टॉर्क) वाढतो, कारण मोटर आपल्या पूर्ण १४०० वर फिरतच असते. ड्राइव्हवर वेग उतरवलास तर पिळ होता तेवढाच राहतो, म्हणजे पॉवर त्याच प्रमाणात खाली. २ एचपीची मोटर १० हर्ट्झवर जेमतेम ०.४ एचपीची होते. बोरिंग हेड किंवा मोठा ड्रिल अशा वेळी लावलास तर कटर जॉबमध्ये रुतून बसेल आणि ड्राइव्ह ओव्हरकरंट दाखवेल. ५० च्या वर गेलास तर उलटं: व्होल्टेज आणखी वाढू शकत नाही, पिळ उतरत जातो, पॉवर साधारण तेवढीच राहते.

शिवाय मोटरचा पंखा मोटरच्याच शाफ्टवर असतो. मोटर हळू झाली की वाराही हळू. मे महिन्यात पत्र्याखाली १५ हर्ट्झवर अर्धा तास लोड दे आणि मग बॉडीला हात लावून बघ.

म्हणून मी खाली २० आणि वर ७५ हर्ट्झ बांधून टाकलंय. बेल्टनं जवळचा टप्पा घ्यायचा, पॉटनं नेमका वेग. तो घट्ट झालेला लिव्हर आधी मोकळा कर. डिझेल सोड, दोन दिवस थांब, नाही सुटला तर हेड उघड. बॅकगिअरशिवाय मिलिंग मशीन म्हणजे ड्रिल मशीन.

टूलरूम_चिकलठाणा

फिटर भाऊंनी बरोबर सांगितलं. फक्त एका जागी माझं मत वेगळं आहे. ४०० आरपीएम दोन वाटांनी मिळतो: थेट बेल्टवर ५५० ची पुली धरून ३६ हर्ट्झ, नाहीतर बॅकगिअरवर २७० धरून ७४ हर्ट्झ. तुम्ही पहिली वाट धरलीत. हिशोब करा: ३६ हर्ट्झला १.५ किलोवॅटच्या मोटरकडून सुमारे १.०८ किलोवॅट मिळतात, स्पिंडलवर पिळ २६ न्यूटन-मीटरच्या आसपास. ७४ वर पूर्ण १.५ किलोवॅट, म्हणजे जवळपास ३६ न्यूटन-मीटर, आणि पंखाही जोरात. जड कटला मी दुसरी वाट घेईन.

शेडमधला_फिटर

सर, कागदावर तुमचं खरं आहे आणि मी करूनही पाहिलं. पण माझ्या मशीनचे बॅकगिअर झिजलेले आहेत, ७४ वर ते किंचाळतात. आणि १ मिलिमीटर खोली, ६० रुंदी, मिनिटाला १६० फीड या कटला अर्ध्या किलोवॅटच्या आतच काम होतं. त्यामुळे ३६ पुरतं. चांगले गिअर असलेल्यांनी तुमचं ऐकावं.

रिवाइंडिंग_परभणी

समदे ड्राइव्हचं बोलायलेत, मोटरचं कोणीच बोलंना. लहान मोटरी, ३ एचपीपर्यंतच्या, आपल्याकडं बहुतेक ४१५ व्होल्ट स्टारमधी येतात, म्हंजी तिन्ही कॉइलींचं एकेक टोक एका गाठीत. जुन्या मोटरीत स्टारची गाठ आतच बांधून टाकल्याली असती, भाईर तीनच वायरी. तिला तशीच २३० च्या ड्राइव्हवर लावली तर फिरती, पण अंगात जीव नसतो. लोक मग ड्राइव्हला शिव्या देतात. स्टार सोडून डेल्टा, म्हंजी कॉइली एकीला एक जोडून त्रिकोण, करावंच लागतं. फिटर दादा, तुमची कशी निघाली?

शेडमधला_फिटर

दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. माझी पहिली चूक हीच. तीन वायरी जोडून मशीन चालू केली, फिरली, खूश झालो. १० च्या एंडमिलनं ३ मिलिमीटर खोल गेलो आणि स्पिंडल थांबलं.

मग उदगीरला आमच्या ओळखीच्या रिवाइंडिंगवाल्याकडे मोटर नेली आणि शेजारी बसून बघितलं. रोटर बाहेर काढल्यावर वाइंडिंगच्या कडेनं दोऱ्यानं करकचून बांधलेला गठ्ठा दिसतो, वॉर्निशनं दगडासारखा झालेला. त्यांनी बोटानं चाचपत एका जागी फुगवटा शोधला. हॉट एअरनं तेवढाच भाग मऊ केला, दोरा ब्लेडनं कापला आणि पिवळी पडलेली स्लीव्ह मागे सारली. आत तीन तारा पिळून डाग दिलेल्या. गाठ सोडून प्रत्येक टोकाला नवी लवचीक वायर जोडली, डाग दिला, नवी स्लीव्ह चढवली, पुन्हा दोऱ्यानं बांधलं आणि वॉर्निश सोडलं. घाई एका जागीही केली नाही, कारण तिथली जुनी तार वाकवली की इनॅमल उडतं.

नंतर मल्टिमीटरनं कुठलं टोक कुठल्या जुन्या वायरीचं ते जुळवलं. तिन्ही टोकं गाठीतली, म्हणजे एकाच बाजूची, त्यामुळे एखादी कॉइल उलटी जोडली जाण्याचा धोका नव्हता. सहा लीडची टर्मिनल प्लेट बसवली, टर्मिनल जोडणाऱ्या पत्त्या आडव्यांच्या उभ्या केल्या, झाला डेल्टा. ५०० व्होल्टच्या मेगरवर इन्सुलेशन तपासून मगच बॉडी बंद केली.

प्लेटवर करंट ३.५ अँपिअर लिहिलाय, तो स्टारचा. डेल्टात १.७३ नं गुणायचं, म्हणजे ६. ड्राइव्हमध्ये मोटरचा करंट ६ आणि व्होल्टेज २३० भरायचं. प्लेटवरचे ४१५ आणि ३.५ तसेच भरलेत तर सगळं चुकतं.

रिवाइंडिंग_परभणी

चांगला कारागीर भेटला तुमाला. ज्याला करायचंय त्यानं ध्यानात ठेवा, गाठीत तीनाऐवजी सहा तारा दिसल्या तर घाबरू नका, दोन-दोन तारा जोडीनं भरल्याल्या असतात. जोड्या लावूनच काढा. आन जुन्या मोटरीचं इन्सुलेशन ड्राइव्हनं जातं म्हनतात त्यात तथ्य हाय, पर २३० च्या ड्राइव्हमधी आतला डीसी ३२५ च्या आसपास ऱ्हातो. ४१५ साठी भरल्याल्या मोटरीला ते जड नाही. ४१५ च्या ड्राइव्हवर त्योच डीसी ५८० च्या वर जातो, तिथं काळजी.

जालनेकर

माझा पैसा गेला म्हणून लिहितो, दुसऱ्याचा जाऊ नये. दुकानदाराला म्हणालो २ एचपीचा ड्राइव्ह द्या. त्यानं दिला. घरी आणून सिंगल फेज दिली तर स्क्रीन लागते आणि लगेच अंडरव्होल्टेज. महिनाभर वायरी तपासत बसलो. शेवटी लेबल नीट वाचलं: इनपुट थ्री फेज ३८० ते ४८०. परत घ्यायला दुकानदार तयार नाही, पाकीट फोडलं म्हणे. घेताना इनपुटच्या ओळीत एक फेज आणि २०० ते २४० लिहिलेलं डोळ्यांनी बघा. फक्त एचपी सांगू नका.

इलेक्ट्रिकल_ताई_नांदेड

जालनेकर भाऊ, वाईट वाटलं. एक भर घालते. थ्री फेज इनपुटचा २२० व्होल्टचा ड्राइव्ह सिंगल फेजवर चालवायचा असेल तर त्याची क्षमता साधारण निम्मी धरावी लागते, कारण तेवढाच करंट आता दोनच तारांतून येतो आणि आतल्या कॅपॅसिटरवर ताण येतो. मुळात सिंगल फेज इनपुटचाच ड्राइव्ह मिळत असेल तर ते करू नका.

आता माझा मुद्दा, जो मला वरच्या सगळ्या हिशोबापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मोटर आणि ड्राइव्ह यांच्या मधे काहीही ठेवायचं नाही. कॉन्टॅक्टर नाही, स्टार्टर नाही, आणि मशीनवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्सचा ड्रम स्विच तर मुळीच नाही. चालू ड्राइव्हच्या आउटपुटला तार तोडली-जोडली की आतले ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. ड्राइव्हच्या यू, व्ही, डब्ल्यूपासून थेट मोटर. चालू, बंद, उलट-सुलट हे सगळं ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरून, कमी व्होल्टेजच्या वायरींनी.

फिटर काका, तुमचं स्टार्ट-स्टॉप कसं जोडलंय?

शेडमधला_फिटर

ताई, ही माझी दुसरी चूक. सांगतो.

ड्रम स्विच मोटरच्या लाइनमधून काढला आणि त्याचेच कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या फॉरवर्ड, रिव्हर्स आणि कॉमनला दिले. दांडी डावीकडे उलट, उजवीकडे सुलट, मधे बंद. सवयीची दांडी, छान वाटलं. आठवडा गेला. एके दुपारी काम चालू असताना लाइट गेली. आपल्याकडे जाते तशी. मी दांडी तशीच सोडून चहाला गेलो. परत येऊन कटर बदलायला ड्रॉबारवर (कटर धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टवर) पाना चढवला. तेवढ्यात लाइट आली.

ड्राइव्हला वर यायला दोन-तीन सेकंद लागतात. स्क्रीनचा उजेड डोळ्याच्या कडेला दिसला, हात मागे घेतला, आणि स्पिंडल पाना घेऊन फिरलं. पाना पत्र्याला भोक पाडून बाहेर गेला. शेडमध्ये त्या वेळी नातू नव्हता एवढंच म्हणतो.

त्या दिवशी मशीन बंद ठेवली आणि रात्री मॅन्युअल पूर्ण वाचलं. आता हिरवं आणि लाल पुशबटन आहे, तीन वायरींच्या पद्धतीनं. हिरवं क्षणभर दाबलं की ड्राइव्ह स्वतः धरून ठेवतो. लाइट गेली की ते धरणं सुटतं. परत आली तर कोणी येऊन हिरवं दाबेपर्यंत स्पिंडल हलत नाही. ड्रम स्विच आता फक्त दिशा ठरवतो. शिवाय लाइट येताना टर्मिनल चालू असेल तर सुरू व्हायचं नाही, असं एक सेटिंग माझ्या ड्राइव्हमध्ये होतं, तेही लावलं. आणि कटर बदलायच्या आधी एमसीबी खाली.

इलेक्ट्रिकल_ताई_नांदेड

काका, हात शाबूत आहे हे देवाचे आभार. हे इतकं उघड लिहिलंत याचेही.

वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, दांडीचा किंवा टॉगलचा स्विच रन टर्मिनलला लावून मोकळं होणं ही सगळ्यात सोपी जोडणी, म्हणूनच ती घरोघरी दिसते. मराठवाड्यात दिवसाला चार वेळा लाइट जाते-येते, तिथं ती चालणार नाही. लाल मश्रूम बटन वेगळं लावा, ज्या हातानं फीडचं चाक फिरवता त्याच्या विरुद्ध हाताला सहज येईल असं.

एमसीबी खाली केला म्हणून लगेच झाकण उघडू नका. आत कॅपॅसिटर भरलेले राहतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं थांबा, आणि तरी मीटरनं डीसी टर्मिनल तपासूनच हात घाला.

अर्थिंगचं पण बघा. आपली काळी माती पावसाळ्यात उत्तम अर्थिंग देते, पण उन्हाळ्यात ती हातभर फाटते आणि रॉडभोवती पोकळी होते. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट कायम अर्थला जात असतो. अर्थ तुटलेली असेल तर मशीनच्या बॉडीला झिणझिण्या येतात.

टूलरूम_चिकलठाणा

काळ्या मातीचा विषय निघालाच आहे तर, मशीनखाली काय केलंय? शेडची फरशी थेट काळ्या मातीवर असेल तर पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात बसते, आणि टेबलाची लेव्हल दर ऋतूत बदलते. ड्राइव्हनं कितीही वेग साधा, तिरपी मशीन सरळ काम देणार नाही.

शेडमधला_फिटर

सर, मशीनपुरती काळी माती चार फूट खोल काढली, मुरूम थराथरानं पाणी मारून ठोकला आणि वर सळईचं काँक्रीट. शेडच्या बाकी फरशीला भेगा आहेत, मशीनच्या चौथऱ्याला अजून नाही.

नवशिक्या_बीड

मी १.५ किलोवॅटचा ड्राइव्ह घेऊ की २.२ चा? आणि लोखंडी डबीत बंद करून ठेवला तर कीस जाणार नाही ना आत?

शेडमधला_फिटर

मी २.२ चा घेतला. दीडचा चालला असता, पण आपल्या उन्हात थोडी जागा हवी. बहुतेक ड्राइव्हची पूर्ण क्षमता ४० डिग्रीपर्यंतच धरलेली असते, काहींची ५०. पुढे करंट कमी धरावा लागतो. मे महिन्यात माझ्या शेडमध्ये दुपारी ४४ असतं. छोट्या बंद डबीत घातलास तर तो स्वतःच्या उष्णतेनं बंद पडेल. मोठं पॅनल घे, खाली फिल्टरची जाळी, वर बाहेर फेकणारा पंखा, आणि मशीनपासून हातभर लांब, उत्तरेच्या भिंतीला. फिल्टर मी दर रविवारी झटकतो. लोखंडाचा कीस आत गेला तर शॉर्ट नक्की.

लाइनला २५ अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी आणि ४ स्क्वेअरची वायर मीटरपासून वेगळी ओढलीय. २ एचपी म्हणजे करंट थोडा, असं वाटतं, पण सिंगल फेजवर ड्राइव्ह करंट झटक्यानं खेचतो, २.२ किलोवॅटचा ड्राइव्ह पूर्ण लोडवर २० च्या वर जातो. जुन्या दीड स्क्वेअरच्या वायरीवर लावू नकोस. आणि पैसे घेऊन जॉब करणार असशील तर मीटर घरगुती ठेवू नकोस. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली मागचं मोजून बिल येऊ शकतं. मी तेवढ्यासाठी वेगळं कनेक्शन घेतलंय.

कूलंट पंपाची थ्री फेज मोटर याच ड्राइव्हवर घ्यायची नाही, स्पिंडल हळू झालं की पंपही हळू होतो. मी सिंगल फेजचा पंप बसवला.

नवशिक्या_बीड

सव्वा महिन्यानं लिहितोय. लिव्हर डिझेलनं सुटला. मोटर गावातच उघडली, गाठ सापडली, डेल्टा झाला. ड्राइव्ह २.२ चा, बटनं ताईंनी सांगितली तशी. काल पहिला की-वे काढला. दोन अडचणी आहेत: मोटर शिट्टीसारखी वाजते, आणि थांबवताना कधीकधी ओव्हरव्होल्टेज येऊन ट्रिप होते.

इलेक्ट्रिकल_ताई_नांदेड

शिट्टी कॅरिअर फ्रिक्वेन्सीची, म्हणजे ड्राइव्हचे ट्रान्झिस्टर ज्या वेगानं चालू-बंद होतात त्याची. २-३ किलोहर्ट्झवर असेल, ८ वर ने, शांत होईल. त्याहून वर नेऊ नको, ड्राइव्ह तापतो. ट्रिपचं कारण थांबायचा वेळ फार कमी ठेवलायस. फिरतं स्पिंडल मोटरला जनरेटर करतं, ती वीज ड्राइव्हमध्ये परत येते आणि आतला डीसी चढतो. डिसेलरेशन १ सेकंदावर असेल तर ३ कर. त्याहून लवकर थांबवायचं असेल तर ती परत आलेली वीज जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लागेल.

नवशिक्या_बीड

८ आणि ३ केलं, ताई. शिट्टी गेली. २२७० च्या बेल्टवर तीनलाही एकदा ट्रिप झाली, ४ केल्यावर दहा वेळा थांबवून बघितलं, एकदाही नाही. काका, उद्या फेसमिल लावतो, ३७ हर्ट्झपासून सुरुवात करून.

शेडमधला_फिटर

तुझ्या मशीनचा आवाज कुठे मिटतो ते तुझं तुलाच शोधावं लागेल, ३७ माझ्या मशीनचा आहे. टिपा नव्या लाव आणि व्हाइस एकदा डायल लावून तपासून घे. पट्टी झाली की फोटो टाक.